मागची बाजू

तिला घरात सगळे चिमटा म्हणतात. लॅबमधल्या लोकांना वाटतं, तिच्या हातात कायम बारीक चिमटा असतो म्हणून. वहिनीला वाटतं, जिभेमुळे. दोन्हीही अगदीच खोटं नाही. पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं, आणि ते कारण आता तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही. तिचा राग नेमका इथून सुरू होतो.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून इथे जबड्यांचे ठसे येतात आणि इथून कॅपा, ब्रिज, कवळ्या परत जातात. माणसं कधी येत नाहीत. फक्त त्यांची तोंडं येतात, प्लॅस्टरची, उघडी, मुकी, आणि फळीवर ओळीनं बसतात. एका बाजूला घासण्याच्या मशिनांची घरघर, सगळ्यावर पांढरी धूळ, आणि काचेच्या दाराआड थंड खोलीत प्रिंटर. पूर्वी ती मेण कोरून दात घडवायची. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि ती पडद्यावर दात कोरू लागली. प्रिंटरच्या तबकातल्या पातळ रेझिनमधून तो दात थरावर थर चढत, उलटा लोंबकळत वर येतो. मग धुवायचा, उजेडाच्या पेटीत ठेवून पक्का करायचा. तिचे दात शहरभर जेवतात, हसतात, खोटं बोलतात. तिला कुणी ओळखत नाही आणि त्याचं तिला काही वाटत नाही. हे काम आहे, समजून उमजून घेतलेलं. न विचारता गळ्यात पडलेल्या कामाची गोष्ट वेगळी.

दादाचा फोन आला तेव्हा ती एका खालच्या जबड्याशी झटत होती.

"चिमटे, तुझ्या त्या मशीनमधून दातच निघतात, की दुसरंही काही निघतं?"

"कुणाचे दात काढायचेत?"

"ऐक तर. आपला जुना कॉम्प्युटर सापडला. माळ्यावर होता. मी दुरुस्त केला, चालतोय चक्क."

तिनं जबडा खाली ठेवला.

दादा मोठ्या कंपनीत मोठा माणूस होऊन निवृत्त झाला होता. आता त्याला एका तंत्रनिकेतनात जुन्या संगणकांच्या प्रदर्शनात बोलायला बोलावलं होतं. विषय होता 'माझा पहिला संगणक'. अडचण एवढीच होती की तो कॉम्प्युटर जुन्या टीव्हीलाच जोडता यायचा आणि तसला टीव्ही आता भंगारातही मिळत नाही. म्हणून त्यानं एक अडॅप्टर मिळवला होता: तळहाताएवढा सर्किट बोर्ड, जुनं चित्र घेऊन ते नव्या टीव्हीला समजेल असं करून देणारा. पण बोर्ड नुसता होता, वर कवच नाही, काही नाही, मागच्या सॉकेटला वटवाघळासारखा लटकलेला.

"त्याला डबी हवी," दादा म्हणाला. "इंटरनेटवर एक तयार डिझाइन होतं, ते प्रिंट करून घेतलं. पण डबीत घातलं तरी चित्र जातं. मागे काहीतरी ढिलं आहे."

"काहीतरी?"

"असेल काहीतरी. तू बघ ना जरा."

जरा. या शब्दानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तिचं अर्धं बालपण या शब्दात गेलं होतं.

तो कॉम्प्युटर बाबांनी त्यांच्या ऑफिसातून आणला होता. तिथं तो टाकून देणार होते. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड, आत सगळं यंत्र. मागून वायर काढायची आणि टीव्हीला लावायची. पहिल्याच दिवशी कळलं की मागचं सॉकेट ढिलं आहे. वायर नुसती खोचली की पडद्यावर वाळू पडायची. तीच वायर कुणी वर उचलून, किंचित खिडकीच्या बाजूला दाबून धरली की चित्र यायचं आणि धरून ठेवली तोवर राहायचं. बाबांनी सोल्डर करून डाग दिला, तो सुटला. परत दिला, परत सुटला. मग आई म्हणाली, "धर गं जरा. त्याचा अभ्यास आहे."

टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एका मुलीपुरती जागा होती. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. शाळेतून आलं की दादा समोर बसायचा, ती मागे जायची. तो मासिकातले लांबच लांब प्रोग्राम टाइप करायचा, चित्र गेलं की मान वर न करता म्हणायचा, "धर." तिचा हात भरून आला तर तिनं हात बदलायचा. पाय भरून आले तर पाय. पाढे तिनं तिथंच उभ्यानं पाठ केले. पडदा तिला कधी दिसला नाही, कारण टीव्हीही तिच्याकडे पाठ करून बसलेला. तिनं सगळे खेळ दादाच्या चेहऱ्यावर पाहिले: निळे, हिरवे, हरलेले, जिंकलेले. त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत दोन चिमुकले पडदे दिसायचे आणि त्यांत अक्षरं उलटी यायची. ती उलटी अक्षरं वाचायला शिकली.

"मला बसू दे ना एकदा," असं ती म्हणाली नव्हती असं नाही. म्हणाली होती. पण त्यावर घरात एक उत्तर तयार होतं, ज्याला तोड नव्हती: "मग वायर कोण धरणार?"

"दादा धरेल."

"त्याचा अभ्यास आहे."

भिंतीवर जिथं तिचं डोकं टेकायचं तिथं तेलाचा काळपट डाग पडला. त्याबद्दल तिलाच बोलणी बसली. दादाचे मित्र आले की तिला पाहून विचारायचे, "ही कोण मागे?" दादा म्हणायचा, "हा आमचा चिमटा." सगळे हसायचे. तीही हसायची, कारण निदान कुणीतरी विचारलं होतं.

हे सगळं तिनं फोनवर सांगितलं नाही. "बोर्ड पाठवून दे," एवढंच म्हणाली.

आई आता तिच्याकडेच असते. तेही असंच, जरा म्हणून आली आणि राहिली. संध्याकाळी आई म्हणाली, "दे की गं करून. त्याचं केवढं भाषण आहे. तुला काय, तू रोजच करतेस."

"करणारच आहे."

"मग तोंड का एवढं?"

"आई, भाषणात त्याला त्या कॉम्प्युटरचं सगळं सांगावं लागेल. वायरीचंही सांगावं लागेल. त्यानं एक वाक्य म्हणावं, बस. माझी बहीण मागे वायर धरून उभी राहायची. एवढंच. मला दुसरं काही नको."

"मग सांग त्याला, म्हण म्हणून."

"मी सांगितलं तर ते माझं वाक्य झालं. मला त्याचं हवंय."

आईनं हात झटकला. "तुझं सगळं उलटंच असतं बाई."

बोर्ड आला. लॅबमध्ये दुपारी सगळे जेवायला उठले की ती त्याच्याशी बसू लागली. व्हर्नियर लावून त्याची लांबी, रुंदी, प्रत्येक सॉकेटची उंची घेतली. पडद्यावर बोर्ड उभा केला आणि त्याच्याभोवती भिंती चढवल्या. तयार डिझाइनमध्ये काय चुकलं होतं ते तिला पाहताक्षणी कळलं. ती डबी नुसती डबी होती. बोर्ड झाकत होती, पण त्याचं वजन मात्र त्या बिचाऱ्या ढिल्या सॉकेटवरच टाकत होती. ज्यानं ती काढली तो कधी मागे उभा राहिला नव्हता, हे उघड होतं. हिला हवी होती अशी डबी, जी स्वतःचं वजन स्वतः पेलेल: सॉकेटशेजारी कॉम्प्युटरच्या पाठीला जी जाळी आहे तिच्यात अडकणारा हूक, खाली टेबलावर टेकणारा पाय, आणि वायर वर उचलून धरणारी पाचर.

हूकसाठी दोन मापं हवी होती: सॉकेटपासून जाळी किती लांब आणि दुसऱ्या बाजूला पॉवरचं भोक किती लांब. कॉम्प्युटर दादाकडे होता. तो नाजूक आहे म्हणून दादा पाठवत नव्हता. तिनं कागदावर पाठीचं चित्र काढलं, दोन्ही बाजूंना रेघा ओढून जागा मोकळ्या सोडल्या आणि फोटो पाठवला. कुठली बाजू जाळीची आणि कुठली पॉवरची हे लिहिलं नाही. ते काय लिहायचं? ज्यानं पाठ पाहिली आहे त्याला ते कळतंच.

आकडे आले. डबी प्रिंट झाली. दातांच्या मॉडेलचं रेझिन वापरलं होतं, फिकट पिवळसर. जुन्या कॉम्प्युटरचं प्लॅस्टिकही वयानं तसंच पिवळं पडलेलं. मालकांनी ती हातात घेऊन फिरवली. "ही कुणाची अक्कलदाढ?"

"माझ्या भावाची. अजून आली नाहीये."

दादाचा फोन आला तो तक्रारीचाच. "बसत नाही गं. तुझा हूक जाळीत जातच नाही. पुढे जाऊन कोऱ्या प्लॅस्टिकवर आपटतोय."

"मापं उलटी लिहिलीस तू. जाळीचं पॉवरच्या जागी, पॉवरचं जाळीच्या जागी."

"छे. डावीकडचं डावीकडे लिहिलं, उजवीकडचं उजवीकडे."

"मोजलंस कुठून?"

"कुठून म्हणजे? समोर बसून. हात मागे घालून."

"आणि मी चित्र कुठून काढलंय? पाठ पाठीकडून दिसते तशीच काढणार ना?"

"हे बघ," दादा हसत, समजावणीच्या सुरात म्हणाला, "डावं म्हणजे बसणाऱ्याचं डावं. सगळं जग तसंच मोजतं. कॉम्प्युटरकडे मागून कोण बघतं?"

तिनं फोन ठेवला. ठेवला म्हणजे टेबलावर असा ठेवला की फळीवरचे जबडे वाजले.

चूक तिची होती, हे तिला मान्य होतं. लॅबमध्ये बाजू न लिहिता कुणी ठसा पाठवला असता तर तिनं त्याला सोललं असतं. पण ही चूक तिच्याकडून झाली कशी? कारण तिच्या मनात त्या यंत्राला एकच बाजू होती, मागची. समोरची बाजू तिला कुणी दिलीच नव्हती. आणि हा शहाणा विचारतोय, मागून कोण बघतं. त्यानं टोमणा मारला असता तर चाललं असतं. तिनं परतफेड केली असती आणि दोघं मोकळी झाली असती. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. त्याच्या आठवणीत टेबल होतं, खुर्ची होती, पडदा होता, तो होता. आणि टेबलामागे भिंत होती. नुसती भिंत. माणूस माणसाचे उपकार विसरतो हे तिला माहीत होतं, पण माणूसच विसरतो? रोज डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस? तिनं प्लॅस्टरचा सांडलेला चुरा गोळा केला, परत सांडला, परत गोळा केला.

सुट्टीच्या दिवशी ती व्हर्नियर आणि ठसा घ्यायचा मसाला घेऊन दादाच्या घरी गेली. मसाला म्हणजे दोन डब्यांतला मऊ लगदा. एकत्र मळला की थोड्या वेळात रबरासारखा घट्ट होतो. त्यात दात रुतवून ठसा घेतात.

दादानं कॉम्प्युटर दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवला होता, वरून दिवा सोडला होता. पुसून लख्ख केलेल्या कळा समोर.

"फिरव," ती म्हणाली.

"कशाला? तुला मापंच हवीत ना, मी समोरून–"

"फिरव म्हटलं ना."

"फिरवा हो," वहिनी चहा ठेवत म्हणाली. "नाहीतर वन्सं कपाट फिरवतील."

दादानं तो बाहेर काढला, टेबलावर ठेवला, फिरवला. धुळीची एक रेघ अजून तशीच होती. पुसताना तो इथवर आलाच नव्हता. सॉकेटच्या खाली प्लॅस्टिक सगळीकडे खरखरीत होतं, फक्त एका जागी गुळगुळीत, बोरासारखा गोल खळगा.

"हे कशानं झिजलंय कोण जाणे," दादा वाकून म्हणाला. "भिंतीला घासलं असेल."

"भिंतीला अंगठा असतो का?"

"काय गं तुझं बोलणं," तो हसला आणि टीव्ही लावायला गेला.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या खळग्याकडे. चहाचा कप तिच्या बाजूला सरकवला.

तिनं बोर्ड सॉकेटला लावला, मसाला मळला, त्याचा गोळा बोर्डच्या खाली ठेवला आणि त्यातून अंगठा वर दाबला. "टीव्हीकडे बघ आणि चित्र आलं की सांग."

"नाही… नाही… आलं. गेलं. आलं, आलं, थांब. धर तसंच."

धर. ती धरून राहिली. अंगठा त्याच जागी होता, मनगटाला तोच बाक होता. इतकी वर्षं गेली, पाठ दुखायला लागली, केस पांढरे झाले. हात काही विसरला नव्हता. दादा पडद्याकडे पाहत होता. निळा उजेड त्याच्या चष्म्यावर पडला आणि दोन्ही काचांत दोन चिमुकले पडदे उमटले. ती ते पाहत उभी राहिली. मसाला हळूहळू घट्ट होत गेला.

लॅबमध्ये तिनं तो ठसा स्कॅन केला. पडद्यावर मोठा करून फिरवला तेव्हा त्यात सगळं होतं: उंची, बाक, खिडकीकडचा कल, आणि अंगठ्याच्या रेषा, पाण्यातल्या वर्तुळांसारख्या. एरवी ती असा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करते. दाताला खरखर चालत नाही. या वेळी घोटला नाही. तो जसा होता तसा डबीच्या तळाशी पाचर म्हणून बसवला. दातावरच्या कॅपसारखं सगळं घट्ट बसवण्याची सवय आवरून बोर्डला थोडी मोकळीक ठेवली, झाकणाला हवेसाठी फटी ठेवल्या, हूक योग्य अंतरावर आणला. प्रिंटरमधून डबी उलटी लोंबत वर आली तेव्हा पहिल्यांदा दिसल्या त्या रेषाच.

ही डबी पहिल्याच खेपेला बसली. दादानं फोन केला. "हलवली, आपटली, तरी चित्र हलत नाही. कमाल आहे. काय केलंस?"

"काही नाही. जे पूर्वी होतं तेच केलं."

"म्हणजे?"

"भाषण लिहिलंस का?"

"लिहितोय. एकदम मनापासून, जुन्या दिवसांचं."

"वायरीचं घातलंस?"

"घातलंय की. त्याशिवाय गंमत काय?"

त्या दिवशी तिनं आईला स्वतःहून दुपारचा चहा करून दिला आणि आईनं तो संशयानं प्यायला.

प्रदर्शनाचा हॉल मोठा होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा. भिंतींच्या कडेनं टेबलांवर कुणाकुणाची जुनी यंत्रं मांडली होती आणि प्रत्येक यंत्रामागे त्याचा मालक नवरदेवाच्या बापासारखा उभा. पुढे मंचावर दादाचं टेबल. तो लोकांकडे तोंड करून बसला होता, म्हणून कॉम्प्युटरची पाठ लोकांकडे होती. त्या पाठीवर तिची पिवळसर डबी. बाजूला मोठा टीव्ही तिरका उभा, दादालाही दिसेल आणि लोकांनाही. ती, आई आणि वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. मागची बाजू अशी सगळ्यांसमोर आलेली तिनं कधी पाहिली नव्हती, आणि क्षणभर तिला उगाच वाटलं, आता सगळं नीट होईल.

दादा बोलतो छान. बाबांनी कॉम्प्युटर कसा खांद्यावरून आणला ते त्यानं सांगितलं. प्रोग्राम टाइप करताना एक अक्षर चुकलं की कसं सगळं मुसळ केरात जायचं ते सांगितलं. आईचा उल्लेख केला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आईनं पदर सावरला. मग तो वायरीवर आला.

"आणि मंडळी, मागचं सॉकेट ढिलं. चित्र सारखं उडायचं. पण गरज माणसाला शिकवते. आम्ही त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायचो आणि काम भागायचं. आज त्या पुठ्ठ्याच्या जागी मी ही खास डबी करवून घेतलीय, एका लॅबकडून."

लोक हसले. तिच्या कानात मात्र एकच शब्द राहिला.

पुठ्ठा.

भिंत परवडली असती. विसरला, तर विसरला म्हणता आलं असतं. पण त्याला आठवत होतं की तिथं काहीतरी होतं. काहीतरी वायर धरून होतं, हे त्याच्या डोक्यात शिल्लक होतं, आणि त्या काहीतरीची त्यानं घडी घातली होती. पुठ्ठ्याचे पाय दुखत नाहीत. पुठ्ठ्याला पाढे यावे लागत नाहीत. पुठ्ठा भिंतीवर डाग पाडत नाही आणि त्याबद्दल बोलणी खात नाही. पुठ्ठा म्हणत नाही, मला बसू दे ना एकदा.

"पुठ्ठा नव्हता गं कधी," आई हळूच म्हणाली. समोर पाहतच म्हणाली.

"माहितेय."

"मग बसून काय राहिलीस?"

आईनं तिला पूर्वीही उभं राहायला सांगितलं होतं, पण दादासाठी. तिनं स्वतःसाठी उभं राहावं असं आई आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती. ती उठली. मंचाच्या पायऱ्या चढून कॉम्प्युटरच्या मागे, तिच्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. फरक इतकाच की आता पाठीशी भिंत नव्हती, लोक होते. तिनं हूक जाळीतून सोडवला आणि डबी सॉकेटमधून ओढून काढली.

टीव्हीवर निळा पडदा आला आणि सभ्य अक्षरांत शब्द उमटले: सिग्नल नाही.

दादानं कळा दाबल्या. पडद्याकडे पाहिलं. आणि मान वर न करता, माइक तोंडाशी असताना, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाला, "चिमटे, धर."

ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. दादालाही. त्यानं मान वर केली.

"पुठ्ठा लाव," ती म्हणाली.

"अगं, काय करतेस? लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच. लाव की. घडी घालून सार खाली."

"वेडेपणा करू नकोस. दे इकडे ती डबी."

"डबीला हात लावू नकोस. डबी लॅबची आहे." तिनं बोर्ड तेवढा बाहेर काढला, डबी पर्समध्ये टाकली आणि उघडा बोर्ड सॉकेटला लावला. तो लटकला. पडदा निळाच राहिला. "इकडे ये आणि धर. मी बसते."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. वहिनी पहिल्या रांगेतून म्हणाली, फार मोठ्यानं नाही, "धरा हो. किती वेळ लोकांना ताटकळत ठेवणार?"

दादा उठला. माइक टेबलावर ठेवला, तो चालूच राहिला. टेबलाला वळसा घालून तो मागे आला, लोकांकडे पाठ करून वाकला आणि बोर्ड चाचपू लागला. ती समोर जाऊन खुर्चीत बसली. खुर्ची अजून त्याच्या उबेची होती.

"कसं धरू?"

"वर."

"हे?"

"अजून वर. आणि खिडकीकडे."

"इथं कुठंय खिडकी?"

"घरातल्या खिडकीकडे."

तो थांबला. तिला त्याचा चेहरा दिसत होता. मागे उभं राहणाऱ्याचा चेहरा कसा दिसतो ते ती पहिल्यांदाच समोरून पाहत होती. त्याचे डोळे कुठेतरी गेले, टेबलाच्या, हॉलच्या पलीकडे, एका खोलीत. मग त्याचा हात आपोआप वळला, बरोबर त्या बाजूला. हाताला खिडकी ठाऊक होती. चित्र आलं.

मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी प्रश्न टाकला, गंमत म्हणूनच. "साहेब, मग तुमचा तो पुठ्ठा कुठे गेला?"

दादा वाकलेलाच होता. अंगठा त्या गुळगुळीत खळग्यात. "पुठ्ठा नव्हता," तो म्हणाला, आणि टेबलावरच्या माइकनं ते सगळ्यांना सांगितलं. "ही होती. ही उभी असायची इथं. रोज."

तिनं कल्पना केली होती त्यापेक्षा ते वाक्य लहान होतं, मोडकं होतं आणि ओढून काढलेलं होतं. पण त्याचं होतं. राग काही विरघळला वगैरे नाही. एवढा जुना राग एका वाक्यानं विरघळत नसतो, आणि तो का विरघळावा? तो तिच्या पोटात जागच्या जागी बसून राहिला, फक्त आता त्याला बसायला खुर्ची होती.

पडद्यावर एक चौकोन उघडझाप करत होता. तो आपली वाट पाहतोय हे तिला समजायला थोडा वेळ लागला. तिनं एका बोटानं एक कळ दाबली. टीव्हीवर अक्षर उमटलं. ती ते पाहत राहिली. अक्षर सुलटं होतं. तिनं दुसरं दाबलं, मग तिसरं, घाई न करता, प्रत्येक अक्षर उमटल्यावर त्याच्याकडे नीट पाहून.

दादानं हात बदलला. चित्र थरथरलं आणि परत स्थिर झालं.

"झालं का गं?" तो म्हणाला.

"जरा धर," ती म्हणाली आणि पुढची कळ शोधू लागली.